कौल पुन्हा कधी मागावा?

देवराष्ट्रे येथे जन्मलेले आणि कराडचे म्हणून देशाला माहीत असलेले यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६६ मध्ये केंद्रीय गृहमंत्री झाले. दोनच महिन्यांनी, १६ जानेवारी १९६७ रोजी, गोव्यात जनमत कौल झाला आणि गोव्याने महाराष्ट्रात यायला नकार दिला. संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट सातारा-सांगलीत अभिमानाने सांगितली जाते. त्यातले हे पान मात्र घाईने उलटले जाते. वास्तविक, एखाद्या जनसमूहाच्या भवितव्याचा कौल एकदा घेतल्यावर तो पुन्हा मागणे न्याय्य केव्हा ठरते, हे समजून घ्यायला मराठी माणसाच्या इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६३ च्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि विधानसभेच्या बहुमतावर विलीनीकरण करावे, असा आग्रह सुरू झाला. डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने थेट लोकांना विचारा, अशी मागणी लावून धरली. संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी कायदा केला. मतदान निर्भयपणे व्हावे म्हणून डिसेंबरमध्ये बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पाने, अशी चिन्हे होती. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

यानंतर जे घडले ते मला निकालापेक्षाही मोलाचे वाटते. अवघ्या दोन महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या पक्षाची मुख्य मागणी लोकांनी नाकारली होती, त्याच पक्षाच्या हाती लोकांनी पुन्हा राज्यकारभार दिला. बांदोडकर १९७३ मध्ये निधन होईपर्यंत मुख्यमंत्री राहिले. गोव्याच्या मतदाराने कारभारी आणि भूमी हे दोन प्रश्न वेगळे ठेवले. त्यामुळे ‘आमचा पक्ष निवडून आला, म्हणजे लोकांचे मन पालटले, आता पुन्हा मतदान घ्या’ हा युक्तिवाद कुठल्याही देशात पुरेसा धरता येत नाही. निवडून आलेल्या पक्षाला मागणी करण्याचा हक्क मिळतो. मन पालटल्याचा पुरावा त्याला वेगळा द्यावा लागतो.

पुरावा इतका कडक का मागायचा? कारण हो आणि नाही यांचे वजन सारखे नसते. फूल जिंकले असते तर गोवा महाराष्ट्रात मिसळला असता आणि पुढे ‘आम्हाला पुन्हा विचारा’ म्हणायला गोव्याचा वेगळा मतदारसंघच उरला नसता. दोन पाने जिंकली तरी विलीनीकरणाचे दार तत्त्वतः उघडेच राहिले. विलीनीकरणवाद्यांना एकदाच जिंकणे पुरे होते. वेगळे राहू पाहणाऱ्यांना दर वेळी जिंकावे लागले असते. वेगळे होण्याच्या सार्वमतातही हेच, फक्त बाजू उलटतात: तिथे फुटणाऱ्यांना एकच विजय पुरतो. म्हणून परत न फिरता येणारा पर्याय ज्यांना हवा आहे, त्यांच्या मर्जीने समोरचा थकेपर्यंत कौल मागत राहणे अन्याय्य आहे. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १९८० च्या सार्वमतानंतर १५ वर्षांनी पुन्हा मतदान झाले, तेव्हा फुटू पाहणारे ४९.४ टक्क्यांवर थांबले. फ्रान्सच्या अधिपत्याखालील न्यू कॅलेडोनियात २०१८ ते २०२१ या काळात तीन सार्वमते झाली, पण तिन्हींची तरतूद १९९८ च्या नूमेआ करारात आधीच होती. उत्तर आयर्लंडसाठीही दोन कौलांमध्ये किमान सात वर्षांचे अंतर कराराने ठरले आहे. निकाल कोणाला आवडेल हे माहीत नसताना घातलेली अट दोन्ही बाजूंना बांधते. तरीही तिसरे न्यू कॅलेडोनियन मतदान स्वातंत्र्यवाद्यांच्या बहिष्कारामुळे दुबळे ठरलेच. नियम पाळला तरी संमती आपोआप येत नाही.

आजोबांच्या मताने नातवंडांना का बांधायचे, हा आक्षेप खरा आहे. पिढी बदलल्यावर दार कायमचे बंद ठेवता येणार नाही. पण मग प्रश्नही बदललेला असला पाहिजे: नव्या अटी, नवे पर्याय, किंवा पहिल्या वेळी दडवलेली माहिती. १९६७ च्या मतपत्रिकेवर स्वतंत्र राज्याचा पर्यायच नव्हता, म्हणून तो कौल अपुरा होता, असेही म्हणता येते. अपुरा होता, हे मान्य. पण ३० मे १९८७ ला गोवा घटकराज्य झाला तो दोन पानांच्याच दिशेने पुढे जाऊन. त्यासाठी पुन्हा मतदानाची गरज नव्हती. उद्या कोणी विलीनीकरण मागितले, तर मात्र ते गोव्याच्या मतदारांना नव्याने विचारल्याशिवाय होता कामा नये.

हाच निकष आपल्या सांगली जिल्ह्यात जतलाही लावावा. २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातील गावांवर दावा सांगितला, तो पाणी मिळत नाही म्हणून तिथल्या ग्रामपंचायतींनी दहा वर्षांपूर्वी केलेल्या ठरावांच्या आधारावर. ते ठराव तहानेचे होते. त्यांना भवितव्याचा कौल मानणे चूक आहे आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करणेही तितकेच चूक आहे. जतच्या पूर्व भागाला आधी पाणी द्या. कोणत्या राज्यात राहायचे हा प्रश्न तहानलेल्या माणसाला विचारू नका.