अँटिगोनॉनची वेल आणि तिचे नियमन

पावसाळा सरत असता कुंपणांवर व मांडवांवर गुलाबी झुबक्यांनी डवरणारी जी वेल ‘आइस्क्रीम वेल’ या काहीशा बालिश नावाने ओळखली जाते, तिचे शास्त्रीय नाव अँटिगोनॉन लेप्टोपस होय. चुक्र कुलातील ही वेल मूळची मेक्सिकोची. हुकर व आर्नट यांनी तिचे वर्णन बीची यांच्या सागरसफरीच्या वनस्पतिवृत्तान्तात केले. हा ग्रंथ १८३० ते १८४१ या काळात प्रसिद्ध झाला. पुढे शोभेसाठी ती अनेक उष्ण प्रदेशांत नेण्यात आली. ग्वाम, फ्लॉरिडा व कॅरिबियन बेटे येथे ती बागेबाहेर पडली आणि स्थानिक झाडाझुडपांवर पसरली.

असे का घडावे, हे तिच्या रचनेवरून कळते. तिच्या फुलोऱ्याचा अक्ष टोकाशी प्रतानांत संपतो. म्हणजे फुलणारी फांदीच आधार पकडून वर चढते. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो, ती वस्तुतः परिदले आहेत. एकंदर पाचांपैकी बाहेरची तीन मोठी असतात. फलधारणेनंतर ती गळून न पडता वाढतात, कागदासारखी होतात आणि त्रिकोणी कृत्स्नफळास वेढून राहतात. या वेष्टनामुळे फळ पाण्यावर तरंगते. बागवानाची फसगत येथेच होते. परिदलांचा रंग बराच काळ टिकत असल्याने त्याला जो झुबका फुलांचा वाटतो, त्याच्या तळाशी फळे पक्व होत आलेली असतात. ‘बहर ओसरल्यावर छाटणी’ हा नेहमीचा नियम येथे लावल्यास छाटणीपूर्वीच बीजप्रसार होऊन गेलेला असतो. म्हणून तळची फुले फुगू लागताच झुबका काढावा, व तो ओढ्यात अथवा खतखड्ड्यात न टाकता वाळवून जाळावा. फुले नव्या फुटीवर येतात. तेव्हा कडक छाटणीची भीती बाळगण्याचे कारण नाही.

छाटणीने वेल आटोक्यात राहते, मरत मात्र नाही. तिच्या मुळांवर कंद असतात. अवर्षणाने, कोयत्याने वा आगीने वरचा भाग नाहीसा झाला तरी कंदांतून पुन्हा धुमारे फुटतात. वेल समूळ काढावयाची तर कंद खणूनच काढले पाहिजेत, आणि पुढील पावसात त्या जागेची पुन्हा पाहणी केली पाहिजे.

मधमाश्यांची तिच्यावर इतकी झुंबड असते की, ती उपटा असे सांगताना मन कचरते. भिंतींनी वेढलेल्या अंगणात, वेगळ्या मांडवावर ती खुशाल वाढवावी. ओढ्याकाठी किंवा वनाला लागून असलेल्या बागेत मात्र प्रस्तुत लेखकाच्या मते ती लावूच नये.