भय, श्रद्धा आणि आजची भाकरी



श्रद्धावान् मनुष्याला भय वाटत नाहीं, अशी एक समजूत आहे. धर्माचे उपदेशक आणि धर्माचे टीकाकार या दोघांच्याहि तोंडीं ती आढळते, हें विशेष! पण ख्रिस्त स्वतः मरणाच्या आदल्या रात्रीं गेथशेमाने बागेंत व्याकूळ झाला, पुढील यातना टळाव्यात अशी त्यानें प्रार्थना केली आणि मग तो उठून त्यांना सामोरा गेला, असें शुभवर्तमानांत वर्णन आहे. भय वाटणें निराळें आणि भयाच्या आज्ञेंत वागणें निराळें. पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत हा भेद फार स्पष्ट दिसतो.

इ. स. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंतील दुष्काळांत अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाला अन्नान्नदशा आली. शास्त्रीबोवा गेले, मागोमाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि पुढें थोरली मुलगीहि गेली. रमाबाई तेव्हां सोळा वर्षांच्या होत्या. रानांतील पाल्यावर त्यांनीं दिवस काढले. पुढें भावासह पायीं हिंडत असतां झेलम नदीच्या कांठीं, पांघरूण नाहीं म्हणून, दोघांनीं वाळूंत खड्डे खणून कोरडी वाळू अंगावर ओढली व रात्र काढली. उपासाचें भय आपण पुस्तकांतून जाणतों. बाईंना तें हाडांतून ठाऊक होतें.

म्हणूनच १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां त्यांना भिण्यास पुरेसें कारण होतें. १८८३ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला होता. त्यांच्या शारदासदनांतील धर्मांतरांवरून १८९३ सालीं वादळ उठून पुण्यांतील पुष्कळ प्रतिष्ठितांनीं पाठिंबा काढून घेतला होता. अमेरिकेंतील मित्रांची हमी दहा वर्षांचीच. ती १८९८ सालीं संपावयाची. त्या दिवसाची तरतूद म्हणून केडगांवीं जमीन घेऊन फळझाडें लावलीं होतीं. अशा स्थितींत नवा भार कोण घेतो? आपल्यापाशीं पैसा नाहीं, बळ नाहीं, हा विचार त्यांच्याहि मनांत आला. तरी त्या गेल्या, आणि तीनशें मुली वांचवावयाच्या असा त्यांनीं निश्चय केला.

या वेळीं श्रद्धेनें कोणतें काम केलें? माझ्या मतें तिनें भयाची लांबी कमी केली. भय विचारतें, ‘तीनशें जीव दहा वर्षें कशानें पोसशील?’ या प्रश्नाला उत्तरच नसतें. ख्रिस्तानें शिकविलेल्या प्रार्थनेंत मात्र भाकरी मागितली आहे ती आजची. मुली देवाच्या, आपण त्यांच्या राखणदार, अशी भावना झाली कीं उद्यांचा हिशेब धन्याकडे जातो आणि आपल्याकडे आजचें दळण उरतें. (शाळेंतहि मीं हेंच पाहिलें आहे. जो मुलगा आधीं प्रश्नपत्रिकेच्या शेवटच्या प्रश्नाला भितो, त्याचा पहिलाहि हुकतो.)

आणि हें आजचें काम तरी केवढें! दुष्काळांतून आलेल्या मुली म्हणजे अस्थिपंजर. अशा जिवाला एकदम पोटभर जेवूं घालणें घातक असतें. अन्न थोडथोडें वाढवीत न्यावें लागतें. अंगावरचीं गळवें धुवावयाचीं, केसांतल्या उवा काढावयाच्या, आणि पुन्हां उपास घडेल या धास्तीनें अन्न लपविणाऱ्या मुलीला न रागावतां समजवावयाचें. तिची ती धास्ती बाईंशिवाय कोणाला अधिक कळणार?

त्यांतच १८९७ सालीं पुण्यांत प्लेग. सदनांत नवी भरती करण्यास सरकारी मनाई झाली. देव राखील असें म्हणून बाई साथीच्या शहरांत अडून बसल्या नाहींत. त्यांनीं केडगांवच्या मोकळ्या माळावर तंबू व गवताच्या झोपड्या उभारल्या. श्रद्धेला अविचाराचें दुसरें नांव समजणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्याच माळावर मुक्तिसदन उभें राहिलें. तेथें प्रार्थनेइतकेंच महत्त्व शेतीला, मागाला, घाण्याला आणि छापखान्याला होतें.

१९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां बाईंनीं पुन्हां दार उघडलें, आणि वस्ती दीड हजारांवर गेली. पुढें जुलई १९२१ मध्यें, जिच्यावर संस्था सोंपवावयाची ती एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. बाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या व प्रकृति खालावली होती. सामान्य बायाबापड्यांना कळेल अशा मराठींत त्या बायबलाचें भाषांतर करीत होत्या, तें काम त्यांनीं पुढें चालूंच ठेविलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या केडगांवीं निवर्तल्या. तोंपर्यंत तें पुरें झालें होतें.