ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर कसा निवडावा?



कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न दरवर्षी ऊस तुटायला लागला की हटकून येतो. या वेळी तो एका श्रोत्याने असा विचारला आहे : "माझा खोडवा धरून ८ एकर ऊस आहे. कारखाना १४ किलोमीटरवर. वाटेत ओढा लागतो. चार चाकांची ट्रॉली घरची आहे. नवा ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा घेऊ की ५० चा?"

रेडिओवरच्या दहा मिनिटांत या प्रश्नाला न्याय देता येत नाही, म्हणून उत्तर या पत्रिकेत देत आहोत. पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द ३५ किंवा ५० नसून "ओढा" हा आहे. तो का, ते आता पाहू.

सपाट सडकेवर फसगत होते

आधी ओढ कशी मोजतात ते समजून घ्या. रहाटाच्या दोराला १०० किलोचे वजन टांगले तर दोरावर जेवढा ताण येतो, तेवढी १०० किलोची ओढ.

आता ट्रॅक्टर २ टन, रिकामी ट्रॉली २ टन आणि ऊस ८ टन धरा. एकूण १२ टन झाले. चांगल्या सपाट डांबरी सडकेवर हा सारा डोलारा चालता ठेवायला वजनाच्या साधारण २ टक्के, म्हणजे सुमारे २४० किलो ओढ लागते. ताशी २० किलोमीटर वेगाने एवढी ओढ द्यायला चाकांशी १८ अश्वशक्ती पुरते.

म्हणजे ३५ चा ट्रॅक्टरही सपाटीला ८ टन ऊस हसत ओढतो. फसगत होते ती इथेच. शेतकरी म्हणतो, "बघा, काही जड गेलं नाही. अजून दोन टन टाका." पण सपाट सडकेवरची परीक्षा ही परीक्षाच नव्हे. फडातली ओली जमीन, ओढ्याचा चढ आणि ओढ्याचा उतार, या तीन ठिकाणी ट्रॅक्टरची खरी परीक्षा होते.

चढाला जोर लागतो, पण पकडही लागते

दर १० फुटाला १ फूट चढ असेल, तर वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी जादा ओढ लागते. आपल्या १२ टनाला ती १,२०० किलो. त्यात सपाटीचे २४० मिळवा. झाले १,४४० किलो. खालच्या गिअरमध्ये ताशी ५ किलोमीटरने चढायचे तर यालाही चाकांशी २७ च्या आसपास अश्वशक्ती लागते. इंजिनाचा थोडा जोर गिअरपेटीत आणि टायरांत खर्ची पडतो हे धरले, तरी ३५ चे इंजिन एवढे काम काढू शकते.

मग ट्रॅक्टर चढाला जागच्या जागी चाके का फिरवतो? कारण जोर आहे, पण पकड नाही. कोरड्या डांबरीवर टायरची पकड त्याच्यावर पडलेल्या वजनाच्या साधारण ७० टक्के असते. ओल्या काळ्या रानात ती ३० टक्क्यांवर येते. २ टनाच्या ट्रॅक्टरचे मागच्या चाकांवरचे वजन १,३०० किलोच्या आसपास. त्याची कोरड्या सडकेवर पकड झाली ९१० किलो. ओढताना पुढचे वजन मागे सरकते, हे खरे. पण सगळाच्या सगळा ट्रॅक्टर मागच्या दोन चाकांवर उभा राहिला, तरी पकड १,४०० किलोच्या वर जात नाही. आपल्याला हवी १,४४०. म्हणजे त्या वजनाचा ट्रॅक्टर ३५ चा असो की ५० चा, तो हा भार चढवू शकत नाही.

म्हणूनच फडात ट्रॉली रुतली की दुसरा ट्रॅक्टर पुढे जोडतात. दुसऱ्या इंजिनाइतकेच काम त्याच्या दोन टायरांवरचे वजनही करते.

पुढचे टोक हलके होणे ही गंमत समजू नका. बैलगाडी मागे जड झाली की उलाळ होते, जू वर उचलते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. पुढची चाके जमीन सोडू लागली की स्टिअरिंग हाती राहत नाही. ट्रॅक्टर मागे उलटायला लागला, तर दीड सेकंदाच्या आत तो पूर्ण उलटलेला असतो. तेवढ्यात क्लच दाबायचे सुचत नाही.

खरी गोष्ट उताराची

गेल्या हंगामात मी एका गावी खोडव्याच्या प्रात्यक्षिकाला गेलो होतो. आम्ही बांधावर उभे असताना ओढ्याकडून मोठा आवाज आला. भरलेली ट्रॉली उतरणीला ट्रॅक्टरवर चाल करून आली होती. ट्रॅक्टर आडवा फिरला आणि ट्रॉली त्याच्यावर कलंडली. चालवणारा बावीस वर्षांचा मुलगा उडी टाकून वाचला, पण मांडीचे हाड मोडून घेतले. त्याचे वडील पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "साहेब, ट्रॅक्टर नवा होता. ५० चा होता."

त्या दिवशी मला त्यांना काही सांगता आले नाही. ते इथे सांगतो.

त्याच १ फुटाच्या उतारावर १२ टनाचा भार १,२०० किलोने खाली ढकलतो. सपाटीची २४० किलोची अडवणूक वजा करा. राहिले ९६० किलो. एवढा भार ट्रॅक्टरने नुसता धरून ठेवायचा, म्हणजे वेग वाढणार नाही. थांबवायचे तर याहून जास्त. आणि मागच्या चाकांची कोरड्या सडकेवरची पकड किती? ९१० किलो. सडक ओली असेल तर ५०० च्या आसपास. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि आपल्याकडच्या बहुसंख्य ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. इंजिनाने धरा की ब्रेकने धरा, जमीन धरायची ती त्याच दोन टायरांनी. टायर घसरले की इंजिन ५० चे असून उपयोग काय?

चढाला दुसरा ट्रॅक्टर पुढे जोडतात. उताराला मागे कोणी जोडत नाही.

म्हणून निवडीचा नियम असा : ट्रॅक्टर किती ओढेल हे नंतर विचारा. आपल्या वाटेवरच्या सर्वांत तीव्र उतारावर तो किती धरून ठेवील, हे आधी विचारा.

उतार कसा मोजावा?

१० फुटांची सरळ बल्ली घ्या. तिचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूला सडकेवर टेका. गवंड्याची पाणसळ ठेवून बल्ली समपातळीत धरा. खालच्या टोकाखाली सडकेपर्यंत जेवढे अंतर राहील ते मोजा. १ फूट भरले तर उतार दहात एक. ६ इंच भरले तर विसात एक. हे काम दहा मिनिटांचे आहे. लाखो रुपयांच्या खरेदीआधी ते जरूर करावे.

ट्रॅक्टर घेताना काय पाहावे?

१. *वजन.* अश्वशक्तीइतकेच ट्रॅक्टरचे वजन विचारा. ते पुस्तिकेत आणि नोंदणीच्या कागदावर असते. एकाच अश्वशक्तीच्या दोन ट्रॅक्टरांत दोन-तीनशे किलोंचा फरक असू शकतो. नांगरटीला आणि ट्रॉलीला वजनदार ट्रॅक्टर बरा.

२. *ब्रेक.* तेलात बुडालेले ब्रेक घ्यावेत. कोरडे ब्रेक लांब उतारावर तापतात, आणि ओढ्यातून जाताना त्यांत पाणी शिरले तर पकड सोडतात. उजव्या-डाव्या ब्रेकचे पेडल जोडणारी कडी शाबूत आहे ना ते पाहा. सडकेवर ती नेहमी अडकवलेली हवी. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर त्याच बाजूला गर्रकन वळतो.

३. *चारही चाकांची ओढ.* पुढची चाकेही ओढणारा ट्रॅक्टर महाग पडतो. पण ओल्या फडातून ऊस काढायचा असेल आणि वाटेत तीव्र उतार असेल, तर पैसे वाया जात नाहीत. खालच्या गिअरमध्ये उतरताना पुढची चाकेही भार धरायला मदत करतात.

४. *जोडवजने.* पुढच्या बंपरवर बसणाऱ्या वजनाच्या पट्ट्या सोबत मागून घ्या. मागच्या टायरांत पाणी भरायचे तर पुस्तिकेप्रमाणे, पाऊण टायरापर्यंतच भरा.

५. *ट्रॉली जोडण्याची जागा.* ट्रॉली खालच्या ओढदांडीलाच जोडावी. वरच्या कडीला किंवा आसाला साखळी बांधून ओढू नये. ओढ जितकी उंचावरून, तितका ट्रॅक्टर उलटण्याचा धोका जास्त. पिनीला अडकण हवे आणि जोडीला साखळीही हवी.

ट्रॉलीलाही ब्रेक लावा

काही ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत असा नियम दिलेला असतो : ट्रॉलीला ब्रेक नसेल तर भरलेल्या ट्रॉलीचे वजन ट्रॅक्टरच्या दीडपटीहून जास्त नसावे. ब्रेक असेल तर साडेचारपटीपर्यंत चालेल. २ टनाच्या ट्रॅक्टरला हा हिशेब लावा. बिनब्रेकाची ट्रॉली उसासकट ३ टनांची. ब्रेकची ट्रॉली उसासकट ९ टनांची.

पहिला आकडा वाचून तुम्ही हसाल. "साहेब, ३ टनात एक टन ऊस तरी नेऊ का?" असे म्हणाल. तुमचे म्हणणे मला कळते. पण आकडा चुकीचा नाही. आपण रोज त्याच्या तिप्पट भार बिनब्रेकाने नेतो आणि देवाच्या भरवशावर ओढा उतरतो, एवढाच त्याचा अर्थ. ट्रॉलीला ब्रेक बसवला की तिचा भार तिचीच चाके धरतात आणि ट्रॅक्टरवरचे ओझे कमी होते. ब्रेक ट्रॅक्टरच्या पेडलाबरोबर लागणारा असावा, आणि तो जाणत्या कारागिराकडूनच बसवून घ्यावा.

दोन चाकांच्या ट्रॉलीचा थोडा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो. त्याने पकड वाढते. पण ऊस फार पुढे रचला तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते, आणि फार मागे रचला तर ट्रॉलीच उलाळ होऊन ओढदांडी वर उचलते. भार आसाच्या किंचित पुढे राहील असा रचावा. चार चाकांच्या ट्रॉलीचा भार ट्रॅक्टरवर येत नाही. तिला वजनदार ट्रॅक्टर आणि ब्रेक यांची गरज त्याहून जास्त.

कायद्याचेही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार मर्यादेपेक्षा जास्त भार भरल्यास २०,००० रुपये, शिवाय जादा भाराच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दोन टन जास्तीच्या उसाने मिळणारा फायदा यात कुठल्या कुठे जातो.

उतरताना एवढे पाळा

ज्या गिअरने तो उतार चढता आला असता, त्याच गिअरने उतरा. गिअर वरच टाका, मध्येच बदलू नका. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे म्हणजे भार मोकळा सोडणे. क्लच दाबून ठेवू नका. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. मडगार्डवर आणि ओढदांडीवर कोणालाही बसू देऊ नका, घरचे पोर असले तरी नाही. रात्रीच्या खेपेला ट्रॉलीच्या मागे लाल दिवा आणि चमकपट्ट्या हव्यातच.

पत्राचे उत्तर

आता आपल्या श्रोत्याच्या पत्राकडे वळू. बंधू, आधी ओढ्याचा उतार मोजा. तो विसात एक किंवा त्याहून सौम्य असेल, तर ३५-४० अश्वशक्तीचा, पण त्यातल्या त्यात वजनदार आणि तेलातल्या ब्रेकचा ट्रॅक्टर तुमच्या ८ एकरांना पुरे. ५० च्या ट्रॅक्टरसाठी जे जादा पैसे काढणार होता, त्यांतून आधी घरच्या ट्रॉलीला ब्रेक बसवा. मग भरलेली ट्रॉली साडेचारपटीच्या आत राहील एवढाच ऊस भरा.

उतार दहात एक असेल, तर कोणताही ट्रॅक्टर घेतलात तरी ८ टन घेऊन ओढा उतरू नका. फडातून ४ टनाची ट्रॉली काढा, ओढा पार करा आणि पलीकडे पक्क्या सडकेवर भर घाला. एक फेरा वाढेल, चार लिटर डिझेल जास्त जाईल, मजूर कुरकुरतील. ते सारे सोसण्यासारखे आहे.

ट्रॅक्टर पाहायला जाताना घरात तो चालवणारा जो कोणी असेल, त्याला सोबत न्या. विक्रेत्याला अश्वशक्ती आणि किंमत तुम्ही विचाराल. वजन आणि ब्रेक त्याला विचारू द्या. ओढा त्याला उतरायचा आहे.