आरोपीचा वकील

वाकोल्यासारख्या कामकरी वस्तीत घरचा कर्ता माणूस खुनाच्या प्रयत्नासारख्या आरोपाखाली पकडला गेला, की घरची माणसे आधी ओळखीचा पुढारी शोधतात, मग डोरले घेऊन सोनाराकडे धावतात. वकिलाची आठवण होते तिसऱ्या दिवशी. तोवर पहिला रिमांड होऊन गेलेला असतो. युनियनच्या कामात आम्ही हे पुष्कळदा पाहिले. म्हणून हा विषय आपणांपुढे मांडीत आहोत.

अटकेनंतर २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीस मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क घटनेच्या २२व्या कलमाने दिला आहे. चौकशी चालू असताना वकिलास भेटता येते. मात्र वकील सर्व वेळ शेजारी बसू शकत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही.

पण पैसा नसेल तर? १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या १२व्या कलमात, मोफत वकील मिळण्यास पात्र म्हणून कोठडीतील माणूस आहे आणि औद्योगिक कामगारही आहे. ही भीक नव्हे. २०१२ साली कसाबच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की वकिलाचा हक्क आणि पैसा नसल्यास सरकारी खर्चाने वकील मिळेल ही गोष्ट पहिल्याच हजेरीत आरोपीस सांगणे हे मॅजिस्ट्रेटचे कर्तव्य आहे.

‘गुन्हेगाराला वकील कशाला?’ असे काहीजण विचारतील. गुन्हेगार कोण, हे ठरायचेच असते ना! मार्च १९२९ मध्ये मुंबईचे कामगार पुढारी पकडून मीरतला नेले. जानेवारी १९३३ मध्ये श्रीपाद अमृत डांगे यांस बारा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टात अपील चालले, डांग्यांची शिक्षा तीन वर्षांवर आली आणि कित्येक आरोपी सुटले. खालच्या कोर्टाचा शब्द शेवटचा मानून स्वस्थ बसले असते, तर?

तेव्हा अटकेची वेळ लिहून ठेवावी, कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि पहिल्या हजेरीतच मोठ्याने म्हणावे, ‘साहेब, मला वकील हवा.’ डोरले त्यानंतरही गहाण टाकता येईल. कदाचित टाकावे लागणारही नाही.