जुन्या मोटारीची किंमत

इंदूरच्या आमच्या एका स्नेह्यांची बदली बंगळुरास झाली. तीन महिन्यांनी रुजू व्हावयाचे होते. सहा वर्षे वापरलेली आपली लहान मोटार तत्पूर्वी विकून टाकावी, असे त्यांनी ठरविले. गाडी सहा लाखांस घेतलेली, टापटिपीने वापरलेली. दसऱ्यास तिला झेंडूची माळ घालावयास ते कधी विसरले नव्हते. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि जाहिरातीत आकडा घातला साडेचार लाखांचा. पहिल्याच आठवड्यात एका शिक्षकांनी तीन लाख चाळीस हजार देऊ केले. स्नेह्यांस तो अपमान वाटला. पुढे गाडी दारात उभी राहिली, बॅटरी उतरली, विम्याची मुदत संपली, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी तीच गाडी दोन लाख ऐंशी हजारांत एका दलालाकडे गेली.

आमचे स्नेही लोभी नव्हेत. किंमत ठरविताना ते मागे पाहत होते, एवढीच त्यांची चूक. आपण काय दिले, दुरुस्तीवर किती खर्च केला, तिच्यातून कोठे कोठे हिंडलो, हे सारे विकणाऱ्याच्या मनात असते. घेणाऱ्यास त्याच्याशी कर्तव्य नसते. एवढ्याच पैशात दुसरी कोणती गाडी मिळेल, आणि ही गाडी मला पुढे किती वर्षे साथ देईल, हे दोनच प्रश्न त्याच्यापुढे असतात.

हा मनुष्यस्वभावच आहे. डॅनियल कानेमन, रिचर्ड थेलर व त्यांचे एक सहकारी यांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांस त्यांनी साधे कॉफीचे पेले दिले आणि मग खरेदी-विक्री करावयास सांगितले. ज्यांच्या हाती पेला होता त्यांनी मागितलेली किंमत, नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. घटकाभर हाती आलेल्या पेल्याची ही कथा. मग सहा वर्षांच्या मोटारीचे काय सांगावे?

तेव्हा वाजवी आकडा काढावयाचा कसा? प्रथम आपल्याच शहरातील, त्याच बनावटीच्या, त्याच सालच्या व जवळपास तितक्याच किलोमीटर धावलेल्या दहा-बारा गाड्यांच्या जाहिराती पाहाव्यात. अगदी वरच्या दोन आणि अगदी खालच्या दोन सोडून द्याव्यात. उरलेल्यांचा मध्य हा आपला पाया. मात्र हे मागणीचे आकडे आहेत, सौद्याचे नव्हेत, हे विसरू नये. कित्येक आठवडे जी जाहिरात हललेली नाही, तिचा आकडा गिऱ्हाइकांनी नाकारलेला आहे, असेच समजावे. मग एखाद्या दलालाकडून भाव काढावा. त्यास डागडुजी, जागाभाडे व नफा सोसावयाचा असल्याने त्याचा भाव कमी असणारच. आपला सौदा बहुधा या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी होतो.

नव्या गाडीच्या आजच्या किमतीवरही लक्ष हवे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्के व उपकर यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव त्याच दिवशी उतरतो. आपल्या जुन्या पावतीवरचा आकडा काहीही असो.

विम्याचा कागदही थोडे सांगतो. विम्याच्या रूढ तक्त्याप्रमाणे दोन ते तीन वर्षांच्या गाडीची किंमत उत्पादकाच्या जाहीर विक्री-किमतीतून ३० टक्के, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीची ५० टक्के वजा करून धरतात. बाजारभाव याहून वेगळा असू शकतो. पण घसरण केवढी असते, याची कल्पना त्यावरून येते. शिवाय खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची गाडी म्हणूनच झपाट्याने स्वस्त होते.

आता दोषांविषयी. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली नोबेल पारितोषिकात तो वाटेकरी झाला. त्याचे सांगणे असे, की गाडीचे दोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी सदोष असावी असे धरूनच भाव करतो, आणि चांगल्या गाडीचा मालकही त्यात भरडला जातो. यावर उपाय एकच: संशयास जागा ठेवू नये. दुरुस्तीच्या पावत्या, चालू विमा, प्रदूषणाचा दाखला आणि कर्ज फिटल्याची नोंद समोर मांडावी. टायर झिजले असतील तर आपणच सांगावे व तेवढी रक्कम आकड्यातून आधीच उतरवावी. उघड सांगितलेला दोष हजारांत भागतो. लपविलेला सापडला की सौदाच मोडतो.

अखेरीस गिऱ्हाईक दारी येण्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहून ठेवावेत: मागावयाचा, मिळेल असे वाटते तो, आणि ज्याच्याखाली उतरावयाचे नाही तो. पहिल्या दोहोंत घासाघिशीपुरते अंतर असावे. फार असेल तर गिऱ्हाईक फिरकतच नाही. मुदत जवळ असेल तर तिसरा आकडा ठरविताना थांबण्याचा खर्चही धरावा. “नाव मागाहून करू” अशा बोलीवर मात्र कितीही चांगला भाव आला तरी भुलू नये. नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

त्या शिक्षकांनी नंतर दुसरी गाडी घेतली. आमचे स्नेही अजून म्हणतात, “माझी गाडी मातीमोलाने गेली.” गाडी मातीमोल नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिचे खरे मोल दारी आले होते. त्यांनी ते ओळखले नाही, एवढेच.