तक्रार केली तरी शिक्षण सुटू नये

महाविद्यालयातली हिंसा बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून होते. तो वर्गातला मुलगा असतो, वरच्या वर्षाचा विद्यार्थी असतो, पूर्वीचा मित्र किंवा भावकीतला कोणी असतो, कधी कर्मचारी किंवा शिक्षकही असतो. मारहाण आणि बलात्कार ही या हिंसेची सर्वांना कळणारी रूपे. रोजच्या रोज सोसावी लागणारी रूपे मात्र वेगळी आहेत. एसटी स्टँडपासून वर्गापर्यंत मागे मागे येणे, नको म्हटल्यावरही मेसेज पाठवत राहणे, जुने फोटो व्हॉट्सॲपवर टाकण्याची धमकी देणे, जातीवरून टोमणे मारणे, नव्या मुलांना वसतिगृहात रात्री उभे करणे, प्रॅक्टिकलच्या गुणांची भीती घालून जवळीक साधणे, हे सारे त्यात येते. मुली याला सर्वाधिक बळी पडतात. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही सुटत नाहीत आणि त्यांना बोलायला जागा त्याहून कमी मिळते.

उदाहरण घेऊ महाड आणि पोलादपूर या रायगड जिल्ह्यातल्या, सावित्री नदीच्या खोऱ्यातल्या शेजारच्या तालुक्यांचे. महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे, पोलादपूरला सुंदरराव मोरे महाविद्यालय. महामार्गावर थोडे उत्तरेला, माणगाव तालुक्यात, लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. विन्हेरे, वरंध, बिरवाडी, उमरठ, कापडे अशा गावांतून आणि त्यांच्या वाड्यांवरून मुले-मुली शिकायला येतात. गाड्या ठरलेल्या, त्यांच्या वेळा ठरलेल्या. त्यामुळे पाठलाग करणाऱ्याला मुलगी कुठे आणि केव्हा भेटेल हे शोधावे लागत नाही. एक गाडी चुकली तर पुढची तासाभराने किंवा थेट संध्याकाळी.

या भागात पिढ्यान्पिढ्या घरटी एखादा तरी माणूस मुंबईला नोकरीला असतो. गावाकडे आई, आजी-आजोबा आणि शिकणारी मुले. स्टँडवर काही घडले तर ते प्राचार्यांच्या आधी गावात पोचते आणि तिथून फोनवरून मुंबईला. मग घरचा निर्णय अनेकदा एकच असतो: उद्यापासून कॉलेज बंद. पुढे स्थळे पाहायला सुरुवात होते. गुन्हा एकाने केलेला असतो, पण शिक्षण जाते ते दुसऱ्याचे. हे मुलींना पक्के ठाऊक असते, म्हणून त्या घरी सांगत नाहीत, मैत्रिणीला सांगतात आणि तिलाही शपथ घालतात. लाज, बदनामी, पोलिसांची धास्ती ही गप्प राहण्याची कारणे आहेतच. छोट्या गावच्या महाविद्यालयात मात्र सर्वांत मोठे कारण शिक्षण सुटण्याची भीती हेच आहे, आणि मदतीची प्रत्येक व्यवस्था याच भीतीवर तपासून घ्यायला हवी.

गप्प राहण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका विद्यार्थिनीला जाळून मारले गेले. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवले. ती रोजच्यासारखी गावाहून बसने आली होती आणि महाविद्यालयाकडे चालली होती. हल्ला करणारा तिच्याच गावचा. आठवड्याभरात तिचा मृत्यू झाला. आरोपीला फेब्रुवारी २०२२ मध्ये जन्मठेप झाली. अशा घटनांच्या मागे बहुधा पाठलागाचा काळ असतो आणि तो आजूबाजूच्यांना दिसत असतो. प्रतिबंधाची वेळ तीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि मोबाइलवरून ठेवलेली पाळतही त्यात येते. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

महाविद्यालयांसाठीची चौकट सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर दिलेल्या १९९७ च्या विशाखा निकालापासून तयार होत गेली. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत महिला विकास कक्ष आले, २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम मे २०१६ मध्ये अधिसूचित झाले. या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, एक बाहेरच्या सामाजिक संस्थेतली व्यक्ती आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा सत्तेच्या पदांवरच्यांना सदस्य होता येत नाही, आणि ही अट फार मोलाची आहे.

तक्रार लेखी असते आणि घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. समितीला कारण पटले तर आणखी तीन महिने मिळतात. पीडित व्यक्ती शारीरिक वा मानसिकदृष्ट्या असमर्थ असेल तर मित्र, नातेवाईक किंवा सहाध्यायी तिच्या वतीने तक्रार करू शकतात. सात दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला, त्याचे उत्तर दहा दिवसांत, चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण, अहवाल पुढच्या दहा दिवसांत आणि शिफारशींवर कारवाई तीस दिवसांत, असा क्रम आहे. आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. तडजोड पीडित व्यक्तीने स्वतः मागितली तरच होऊ शकते, आणि तीत पैशांची देवघेव चालत नाही.

महाविद्यालयाचा परिसर म्हणजे कुंपणाच्या आतली जागा एवढाच अर्थ विनियमांनी घेतलेला नाही. अभ्यास सहल, इंटर्नशिप, सांस्कृतिक महोत्सव, क्रीडा स्पर्धा, शिबिर, संस्थेने ये-जा करण्यासाठी पुरवलेले वाहन हे सारे त्यात मोडते. म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे (एनएसएस) गावातले सात दिवसांचे शिबिर किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इंटर्नशिप करणारी विद्यार्थिनी संस्थेच्या जबाबदारीतून सुटत नाही. एसटी महाविद्यालयाची नसते. तरी छळणारा आणि छळ सोसणारी दोघेही तिथलेच विद्यार्थी असतील तर स्टँडवरचा प्रकार म्हणून समितीने हात झटकू नयेत. स्टँडवरचा पाठलाग दुपारी वर्गात येऊन बसतोच.

कनिष्ठ महाविद्यालयाचा प्रश्न वेगळा. अकरावी-बारावीची बहुतेक मुले अठरा वर्षांखालची असतात, त्यामुळे तिथे लैंगिक अत्याचारापासून बालकांना संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे आणि दडवणे हा गुन्हा आहे. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून गप्प बसणारे प्राचार्य स्वतःच कायद्याच्या कचाट्यात येतात. रॅगिंगसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे. छळाला जातीचे अंग असेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो, आणि समितीने हे अंग बाजूला ठेवून चौकशी करणे म्हणजे अर्धीच चौकशी करणे.

कागदावरचा हक्क आणि वापरता येणारा हक्क यांतले अंतर महाडला कोणी शिकवायला नको. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक २० मार्च १९२७ रोजी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तोवर तो ठराव दप्तरातच होता. तक्रार समितीचेही तसेच होते. नावे फलकावर लागतात, वार्षिक अहवालात शून्य तक्रारी लिहिल्या जातात आणि ते शून्य अभिमानाने वाचले जाते. शेकडो मुली शिकतात तिथे वर्षानुवर्षे एकही तक्रार नसेल तर समितीवर कोणाचा विश्वास नाही, असा संशय आधी घ्यावा.

विश्वास बसतो तो पहिल्या दोन दिवसांत काय घडते यावरून. चौकशी चालू असताना समिती दोघांपैकी एकाची तुकडी बदलण्याची, समोरच्याला अंतर ठेवण्याची ताकीद देण्याची, तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची आणि आरोपी शिक्षक असेल तर तिची उत्तरपत्रिका व कामाचे मूल्यमापन दुसऱ्याकडे सोपवण्याची शिफारस करू शकते. या तरतुदी शिक्षण चालू ठेवण्यासाठीच आहेत. हलवायचे तर आधी त्याला हलवावे, तिला नव्हे. बुडालेली प्रॅक्टिकल पुन्हा घ्यावीत, हजेरीची अडचण लेखी सोडवावी, परीक्षा अर्जाची तारीख चुकू देऊ नये. तिच्या संमतीने, एखाद्या शिक्षिकेने घरी जाऊन आई-वडिलांना सांगावे की चूक मुलीची नाही आणि महाविद्यालय तिच्या पाठीशी आहे. मुंबईच्या वडिलांना हे शब्द प्राचार्यांच्या तोंडून ऐकायला मिळाले तर पुष्कळ घरांत दप्तर खुंटीला लागणार नाही.

त्याआधी ऐकून घेणे. जिला पहिल्यांदा सांगितले जाते ती बहुधा मैत्रीण असते, समुपदेशक नव्हे. तू तिथे गेलीसच का, त्याच वेळी का नाही बोललीस, असे प्रश्न त्या क्षणी विचारायचे नसतात. मधे न तोडता ऐकावे, विश्वास आहे असे सांगावे, आत्ता सुरक्षित वाटते का आणि आज घरी कशी जाणार हे विचारावे, पर्याय समोर ठेवावेत आणि निर्णय तिच्यावर सोडावा. मेसेज पुसू नयेत, स्क्रीनशॉट तारखेसह ठेवावेत. लैंगिक अत्याचार झाला असेल तर कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत आणि लवकर रुग्णालयात जावे. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने अशा व्यक्तीवर मोफत उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने रुग्णालयातच समुपदेशन देता येते हे दाखवले. ग्रामीण रुग्णालयांपर्यंत ती पद्धत पोचायला हवी.

गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. पोलादपूरच्या मुलीने महाडला तक्रार दिली तरी ती घ्यावी लागते. लैंगिक गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकणाऱ्यालाही तो लागतो. बलात्कार, बाललैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून आहे.

या भागात आणखी एक दडपण असते, गावकीचे. बैठक बसते, दोन्ही घरांना बोलावले जाते आणि तक्रार मागे घ्या असा निर्णय दिला जातो. न ऐकल्यास वाळीत टाकण्याची भाषा होते. रायगड जिल्ह्यातली वाळीत टाकण्याची प्रकरणे गाजल्यानंतर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. तक्रारदाराच्या घराला हे माहीत असले तर बैठकीत उभे राहण्याचे बळ येते.

प्रतिबंधाचे नाव निघाले की पुष्कळ ठिकाणी मुलींवरच नियम वाढतात: मोबाइल नको, गॅदरिंगला थांबू नको, अमुक कपडे घालू नको. सुरक्षेच्या नावाखाली मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा जाचक नियम लावू नयेत, असे आयोगाचे विनियम स्पष्ट सांगतात. काम मुलांबरोबर करावे लागते. ‘मावा’ ही पुरुषांची संघटना १९९३ पासून मुंबईत हे करते. नकार कसा ऐकायचा, मर्दानगी म्हणजे काय, यावर ती महाविद्यालयीन तरुणांशी बोलते. दुसरा उपाय म्हणजे बघणाऱ्यांना शिकवणे. स्टँडवर कोणी मुलीला अडवत असेल तर मारामारी करायची गरज नसते. तिला हाक मारून जवळ बोलवावे, वाहतूक नियंत्रकाला सांगावे, तिच्याबरोबर गाडीत बसावे, नंतर विचारपूस करावी. मित्र पाठलाग करत असेल तर त्याला आधी मित्रांनीच थांबवावे, कारण त्यांचे तो ऐकतो.

पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८, मानसिक आधारासाठी १४४१६ आणि रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हे क्रमांक आहेत. समिती सदस्यांच्या नावांसह ते कार्यालयाबाहेर, मुलींच्या खोलीत, वसतिगृहात आणि एसटी स्टँडवर मराठीत लावावेत. प्रवेशाच्या दिवशी पालक हजर असतात. प्राचार्यांनी त्याच दिवशी, तक्रार केल्याने कोणाचेही शिक्षण थांबणार नाही, हे त्यांना समक्ष सांगावे.