कढई कोणती घ्यावी?

होळकरांच्या काळी माळव्यात येऊन स्थिरावलेल्या आपल्या घरांतून पितळी पातेली, बिडाचा तवा आणि लोखंडी कढई ही संसाराची पहिली सामग्री असे. पुढे कल्हईवाले दुर्मीळ झाले, स्टेनलेस स्टील आले. 1968 साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, 'निर्लेप'चा उद्योग उभा राहिला आणि न चिकटणारे तवेही मराठी घरांत रूढ झाले. काळी कढई माळ्यावर गेली. आता तिच्याच जातीची भांडी 'कार्बन स्टील' या नावाने पुन्हा दुकानांत मांडलेली दिसतात. तेव्हा निवड करताना काय पाहावे?

प्रथम धातूंचा भेद लक्षात घ्यावा. बिडात कार्बनचे प्रमाण 2 ते 4 टक्के असते. ते साच्यात ओततात. भांडे जड होते, उष्णता धरून ठेवते, परंतु हातून पडल्यास तडकते. कार्बन स्टील म्हणजे साधे पोलाद. भांड्यांच्या पत्र्यात कार्बन बहुधा 1 टक्क्याहूनही कमी. ते पडले तर फार तर पोचा येतो. स्टेनलेस स्टीलच्या सुमारे तिप्पट सुलभतेने त्यातून उष्णता वाहते. ॲल्युमिनियम याबाबतीत सर्वांच्या पुढे आहे, पण आंबट पदार्थांना ते मानवत नाही आणि साधे ॲल्युमिनियम इंडक्शनच्या शेगडीवर चालत नाही. पोलाद चालते.

इंदूरच्या सराफ्यात रात्री गराडू तळणाऱ्याची कढई पाहावी. आच वाढवताच तापणारी आणि कमी करताच निवणारी पत्र्याची कढईच तेथे उपयोगी पडते. घरी थालीपीठ, भाकरी, परतलेली भाजी यांसाठीही तीच उत्तम. न चिकटणारा तवा धिरडी-घावनांना सोयीचा खरा. मात्र रिकामा ठेवून तो मोठ्या आचेवर तापवू नये. 260 अंश सेल्सियसच्या पुढे त्याचा लेप बिघडू लागतो, आणि लेप गेला की तवा निरुपयोगी होतो.

आरोग्याचा प्रश्नही लहान नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इथिओपियात झालेल्या आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोखंडी भांड्यांत शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांच्या रक्तातील हिमोग्लोबिन अधिक वाढलेले दिसले. कढई हे औषध नव्हे, वैद्यकीय उपचारांना तो पर्यायही नव्हे; पण रोजच्या अन्नातून होणारी ही मदत का नाकारावी? थॅलेसेमियासारखा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कसेरा बाजारात किंवा रस्त्याकडेच्या गाडिया लोहारांकडे कढई घेताना पत्रा सुमारे 2 मिलिमीटर जाड, बूड सपाट आणि कान पक्के आहेत ना, हे पाहावे. घरी आणल्यावर कारखान्यातील तेल वा लेप घासून काढावा, भांडे कोरडे करावे, सोयाबीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईतो तापवावे. तीन-चार वेळा असे केले म्हणजे तेलाचा काळा, कठीण थर बसतो. चिकटणे थांबते ते त्यामुळेच. चिंच, कोकम, टोमॅटो, कढी यांनी हा थर सुटतो व पदार्थाला लोखंडाची चव येते. त्यांच्यासाठी स्टीलचे पातेले असावे. शिजलेले अन्न कढईत ठेवू नये, आणि धुतल्यावर ती लगेच पुसून तेलाचे बोट लावावे.

एवढी निगा राखली तर कढई वापराने झिजण्याऐवजी सुधारत जाते. गंजली तरी घासून पुन्हा उभी राहते. म्हणूनच आजीची कढई मोडीत काढण्यापूर्वी ती एकदा घासून, तापवून पाहावी. नवी घेण्याची गरजही कदाचित उरणार नाही.